नान्नजच्या माळावर आकाशगंगा काढायला गेलो आणि सोलापूरचे लाईट घेऊन परतलो

स्टुडिओवाला

नमस्कार मंडळी. अशोक चौकाच्या पाठीमागं माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, डोहाळजेवण, पासपोर्ट साइज आठ कॉपी, हे एकवीस वर्षं चाललंय. मांडवात उजेड कुठून पडणार ते मी डोळे झाकून सांगतो. पण मागच्या आठवड्यात अंधारानं माझी पार जिरवली, म्हणून इथं लिहायलोय.

झालं असं की एक पोरगं मोबाईलमधला फोटो फ्रेम करून घ्यायला आलं. वाळवंट, एक वाकडं झाड, आणि वर आकाशगंगा अशी की दुधाचं पातेलं लवंडलंय. कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाला अमेरिकेतल्या कुठल्या तरी नॅशनल पार्कातला. फ्रेम न्यायला त्यानं चार दिवस लावले आणि ते चार दिवस तो फोटो काउंटरवरून माझ्याकडं बघत होता.

आपल्याकडं वाळवंट नाही, पण माळ तर आहे. महाशिवरात्र झाली, अमावस्या आली. मी, माझा हेल्पर आणि त्याची मोटारसायकल, रात्री दोनला निघालो. तिथल्या माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात रात्री जाऊ देत नाहीत हे माहीत होतं, म्हणून नान्नजच्या बरंच अलीकडं, ओळखीच्या एकाच्या पडीक रानात थांबलो. बरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी, थर्मासात चहा. कॅमेरा निकॉन डी ७५०, लेन्स २४-७० एफ २.८, आणि लग्नाच्या व्हिडिओचा ट्रायपॉड. शटर ३० सेकंद उघडं, आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, ६४००. पाच वाजेपर्यंत दोनशेच्या वर फोटो मारले.

घरी येऊन कॉम्प्युटरवर बघतो तर काय. खालचं अर्धं आकाश नारिंगी, हळद-कुंकू कालवल्यासारखं. तारे गोल नाहीत, भाजक्या शेंगदाण्यासारखे लांबट. आणि शेवटचे साठ-सत्तर फोटो असे धुरकट की मला वाटलं लेन्सला बुरशी आली. मधल्या एका फोटोत चांगली पांढरी रेघ आहे, तिला मी आकाशगंगा समजून हेल्परला पेढा दिला. नंतर कळलं की ती मोटारसायकलची लाईट होती.

बायको म्हणते, एवढीच हौस आहे तर राजस्थानला जाऊन या एकदा, पण रात्री दोनला दार वाजवू नका. आता सांगा, दोष कॅमेऱ्याचा, माझा, का सोलापूरचा? सोलापूरजवळ हे होतंय का, का खरंच जैसलमेर गाठावं लागेल?

भीमाकाठचा मास्तर

मालक, दोष दिशेचा. बाकीच्या चुका आहेतच, त्यांच्याकडं नंतर येतो. आधी मोठी चूक.

आकाशगंगेचा जो जाड, दुधाळ भाग त्या फोटोत होता, तो धनु राशीकडचा, आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेचा. तो आपल्याकडून कायम दक्षिणेच्या अंगानं दिसतो. फेब्रुवारीत पहाटे आग्नेयेला उगवतो आणि चढत चढत दक्षिणेकडं सरकतो. आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. नान्नज सोलापूरच्या कुठल्या बाजूला? उत्तरेला. तिथं उभं राहून तुम्ही दक्षिणेकडं कॅमेरा लावला, म्हणजे सगळं सोलापूर शहर फ्रेमच्या तळाशी घेतलं. तुमचा माळ अंधारा होता, पण तुम्ही बघत होता शहराच्या डोक्यावर. हळद-कुंकू तिथलं आहे.

म्हणून शहराच्या दक्षिणेला या. मी मंद्रूपकडं राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो, आणि बारा वर्षं हत्तरसंग कुडलला जातोय. सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर. सीना आणि भीमा मिळतात ते ठिकाण. शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख तिथलाच. काठावर उभं राहिलं की सोलापूर पाठीशी जातं, समोर नदी आणि नदीपल्याड कर्नाटकातली रानं. क्षितिजावर गावांचे चार ठिपके दिसतात, पण आभाळ पेटल्यासारखं दिसत नाही. देवळाच्या आवारात रात्री जाऊ नका, कॅमेरा लावायचा तो काठावर.

आता शेंगदाणे. पृथ्वी फिरते, तारे सरकतात. जुना हिशेब असा, की ५०० भागिले लेन्सचे मिलिमीटर, जास्तीत जास्त तेवढे सेकंद शटर उघडं ठेवायचं. तुमच्या २४ ला वीस सेकंद येतात. पण हा हिशेब फिल्मच्या जमान्यातला आहे. तुमच्या कॅमेऱ्याला २४ मेगापिक्सेल, त्यात वीसलाही तारा किंचित ओढला जातो. मी ३०० धरतो, म्हणजे साडेबारा सेकंद, फार तर पंधरा. तुम्ही ३० लावलेत. वर व्हिडिओचा ट्रायपॉड मधली दांडी उंच करून लावला असणार, लग्नवाल्यांना सवयच असते. माळावरच्या वाऱ्यात ती दांडी बोरूसारखी थरथरते. दांडी पूर्ण खाली, पाय फाकवून, कॅमेरा गुडघ्याएवढा. बॅग खाली टांगायचा सल्ला सगळे देतात, पण वाऱ्यात बॅगच झोके घेते आणि ट्रायपॉडला हलवते. टांगलीच तर जमिनीला टेकू द्या.

फोकस हातानं. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर, ठळक तारा घ्या, जमेल तेवढा मोठा करा, रिंग सावकाश फिरवा. तारा फुगतो, बारीक होतो, परत फुगतो. सगळ्यात बारीक झाला तिथं थांबायचं आणि रिंगला चिकटपट्टी मारायची. ताऱ्यांमधला ज्येष्ठा घ्या, वृश्चिकातला तांबूस, पहाटे आग्नेयेला सापडतोच. तिथून वृश्चिकाची नांगी खाली येते, नांगीच्या डावीकडं धनु. ही जागा डोळ्याला एकदा कळली की मोटारसायकलला पेढा द्यायची वेळ येणार नाही.

आणि बुरशी नाही हो, दव. पहाटे चारनंतर लेन्सची काच हवेपेक्षा गार पडते आणि तिच्यावर पाणी धरतं. आजूबाजूला भिजवलेली रानं असतील तर जास्तच. परदेशात लेन्सला गुंडाळायचे बॅटरीवरचे गरम पट्टे वापरतात. मी खडेमीठ तव्यावर तापवतो, जुन्या पायमोज्यात भरतो, तो टॉवेलात गुंडाळून डब्यात नेतो आणि लेन्सच्या पोटाखाली रबरानं बांधतो. आमची आई पोट दुखलं की अशीच पुरचुंडी शेकायला द्यायची. अर्धा-पाऊण तास टिकते. दोन मोजे न्यावेत. काचेसमोर मात्र बांधू नका, गरम हवा वर येऊन तारे थरथरतात.

आयएसओ ३२०० ठेवा, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, आणि एकाच जागेवरून सोळा फोटो लागोपाठ. ते कॉम्प्युटरवर एकमेकांवर बसवायचे. सिक्वेटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते तारे जुळवतं आणि जमीन स्थिर ठेवतं. सोळा फोटोंची सरासरी काढली की अंधारातल्या फोटोत येणारी दाणेदार खरखर चौथ्या हिश्श्यावर येते, कारण सोळाचं वर्गमूळ चार. नववीच्या पोरांना वर्गमूळ कशाला शिकायचं म्हणून विचारलं की मी हाच फोटो दाखवतो.

जमिनीसाठी ट्रायपॉड न हलवता तिथंच बसा. तांबडं फुटायच्या आधी जो निळसर उजेड येतो त्यात आयएसओ ४०० वर जमिनीचा फोटो घ्या आणि तो आकाशाला जोडा. काहीजण याला फसवणूक म्हणतात. तीच जागा, तीच पहाट, तोच कॅमेरा. मला त्यात काही वावगं वाटत नाही. लडाखचं आभाळ आणून सिद्धेश्वराच्या तळ्यावर चिकटवणारे आहेत, त्यांच्याविषयी बोलायला लागलो तर मॉडरेटर हाकलतील.

माळकरी

मास्तरांनी फोटोचं सांगितलं, मी माळाचं सांगतो. आमचं रान मार्डीच्या बाजूला.

अण्णा, तुम्ही ओळखीच्याच्या रानात थांबला ते ब्येस केलं. न सांगता कुठं थांबू नका. आमच्याकडं विहिरीवरच्या मोटारीची लाईट आठवड्यातून काही दिवस रात्रीची असते, त्यामुळं दोन वाजता माणसं पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला रानातच असतात. लांबून त्यांना दिसतं काय, तर तिवईवर काहीतरी काळं यंत्र, लाल दिवा आणि दोन अनोळखी माणसं. ड्रोनवाले चोर आले म्हणून मध्यंतरी गावोगाव अफवा उठली होती, लोक काठ्या घेऊन रात्र जागवत होते. आधी पोलीस पाटलाला फोन करा, नाव आणि गाडीचा नंबर सांगा. मग कुणी चहा सुद्धा आणून देईल.

चप्पल घालून येऊ नका. मुरमाच्या माळावर फुरसं असतं, वीतभर, मातीच्याच रंगाचं, आणि पाय पडल्याशिवाय कळत नाही. खाली बसायच्या आधी बॅटरी मारून बघा. लांडगा दिसला तर घाबरू नका, तोच पळतो. उसाच्या फडाच्या कडेला मात्र ट्रायपॉड लावू नका. करमाळ्याकडं २०२० च्या डिसेंबरात बिबट्यानं माणसं मारली, आठवतंय ना.

आणखी एक. जनावर दिसलं म्हणून त्याच्यावर झोत मारत बसू नका. हरणं बिचकून तारेच्या कुंपणात घुसतात. माळढोक दिसणं आता नशिबाचीच गोष्ट, पण माळावर अंडी घालणारी बाकीची पाखरं आहेत. पावसाळ्यात गवतातून तुडवत जाऊ नका. तसंही तेव्हा तुम्हाला तारे दिसणार नाहीत.

पुण्यातला_सोलापूरकर

जैसलमेरला मी दोनदा जाऊन आलोय, त्यामुळं वहिनींच्या सल्ल्यावर बोलतो.

पहिल्यांदा सम गावाजवळच्या टेकड्यांवर गेलो. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, म्हटलं काळोख असणार. काळोख कसला, ओळीनं तंबू, प्रत्येकाचा जनरेटर, प्रत्येकाचं स्टेज आणि प्रत्येक स्टेजवर कालबेलिया नाच. अकरा वाजेपर्यंत लेझरच्या हिरव्या रेघा. दुसऱ्यांदा खुडीला गेलो, तिथं बरंच शांत. डेझर्ट नॅशनल पार्क सगळा मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर आहे, पण पर्यटक चार जागांवर गोळा होतात. गंमत म्हणजे तो पार्कही माळढोकासाठीच नावाजलेला. तिकडं त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. सीमा जवळ असल्यानं ड्रोनचं नावही काढू नका. आणि वाळू! वाऱ्यात एकदा लेन्स बदलली, सेन्सरवर बसलेली वाळू पुण्यात येऊन पैसे देऊन काढली. टेकडीवर आपल्याच पावलांचे ठसे फोटोत येतात, ते वेगळंच. पहिल्या दिवशी सगळा उतार तुडवून ठेवला आणि मग लक्षात आलं.

पण तुम्हाला जे सांगायचंय ते हे. तुम्हाला वाटतं वाळवंटात आकाशगंगा मोठी दिसते. केंद्र आकाशात किती वर चढणार हे अक्षांशावर ठरतं. जैसलमेर २७ अंशांवर, तिथून ते जास्तीत जास्त ३४ अंश वर येतं. लडाखच्या हानलेहून २८. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतून २५ च्या आत. सोलापूरहून ४३! म्हणजे जागेच्या बाबतीत आपण त्यांच्यापेक्षा नशीबवान. ते जिंकतात ते हवेवर आणि अंधारावर. हानले सव्वाचार हजार मीटरच्या वर आहे, हवा विरळ, धूळ नाही. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये धुळीचा पडदा, त्याआधी गाळपाच्या हंगामात धूर.

तेव्हा खरंच काळोख बघायचा असेल तर राजस्थानच्या आधी आपल्याच राज्यातलं पेंच बघा. २०२४ च्या जानेवारीत त्याला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, देशात पहिलं. पण आधी कुडल. पेट्रोलचे दोनशे रुपये आणि एक रात्र, एवढ्यात चूक करायची सोय आहे. जैसलमेरला तिकीट काढून गेलं की चूक महाग पडते.

भीमाकाठचा मास्तर

हवेवरून आठवलं. फेब्रुवारी-मार्चची पहाट चांगली, पण माझी आवडती वेळ ऑक्टोबरची संध्याकाळ. पावसानं हवा धुतलेली, उठायचा त्रास नाही. सव्वासातला पूर्ण अंधार होतो, तेव्हा केंद्र नैर्ऋत्येला तीसेक अंशांवर असतं आणि दीड तास तरी हाती लागतो. अडचण एकच. आश्विन अमावस्या म्हणजे लक्ष्मीपूजन, त्या रात्री गावोगाव दिवे आणि धूर. म्हणून मी कोजागिरीनंतर चार-पाच दिवस जाऊ देतो आणि वसुबारसेच्या आत उरकतो. तेवढ्या रात्री चंद्र उशिरा उगवतो. चंद्रोदयाची वेळ मोबाईलवर मिळते, पण मी पंचांग बघतो. दाते पंचांग सोलापूरचंच आहे, वापरायला नको का?

उजनीकाठ

मंडळी, उत्तरेला पण आकाश आहे हो. सगळेच दक्षिणेकडं तोंड करून बसलाय.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं. ते आमच्या आवडीचं. तिथून दक्षिणेकडं हायवे आहे, ट्रकचे झोत थांबत नाहीत, त्यामुळं आकाशगंगेचा नाद सोडा. उत्तरेकडं जलाशय पसरलेला, काळा कुळकुळीत. शिखरावर ध्रुव धरायचा आणि सगळे तारे त्याच्याभोवती फिरवायचे. आपल्याकडं ध्रुव फक्त साडेसतरा-अठरा अंश वर आहे, त्यामुळं शिखराजवळ गेलात तर तो शिखरामागं जातो. मागं सरकून जागा शोधावी लागते, आणि ती दिवसा शोधायची. ३० सेकंदांचे अडीचशे फोटो लागोपाठ, मध्ये एका सेकंदाच्या वर खंड नको, नाहीतर रेघा तुटक येतात. इथं तुमचे शेंगदाणे मुद्दाम लांब करायचेत.

गाळ वरून वाळलेला दिसतो, आत लोणी असतं. मी मांडीपर्यंत गेलो होतो. एक बूट अजून तिथंच आहे, पाणी गेलं की दरवर्षी शोधतो.

स्टुडिओवाला

मंडळी, फाल्गुन अमावस्येला कुडलला जाऊन आलो.

मास्तर, तुमच्या म्हणण्याप्रमाणं आधी रविवारी दुपारी जाऊन जागा बघितली, गावात दोघा-तिघांना सांगून ठेवलं. अमावस्येला अडीच वाजता काठावर. घरून निघताना मीठ तापवायला लागलो, तर बायको उठून आली. तव्यात मीठ, हातात पायमोजा, रात्रीचा एक वाजलेला. तिनं काही विचारलं नाही, नुसती बघत राहिली. ते जास्त वाईट वाटलं. आणि दव पडलंच नाही, मोजे तसेच परत आणले. तेवढ्यावर हेल्परनं हात मात्र शेकून घेतले.

सोलापूर पाठीमागं होतं, वळून बघितलं तर त्याचा उजेड दिसत होता, ढगामागं चंद्र असावा तसा. समोर पाणी. पहिला अर्धा तास मी कॅमेरा काढलाच नाही. डोळ्यांना सवय झाली तसं आधी वृश्चिक दिसला, मग नांगी, आणि नांगीच्या शेजारी जे मला ढग वाटत होतं ते हलेना. ढग असता तर वाऱ्यानं हलला असता. हेल्परला म्हटलं, बाळ्या, ढग नाही ते.

ज्येष्ठावर फोकस केला, मांडवाच्या झालरीला लावतो ती पट्टी रिंगला मारली. तेरा सेकंद, आयएसओ ३२००, सोळा-सोळाचे पाच संच. पहिले दोन संच वाया, कारण हेल्पर ट्रायपॉडच्या शेजारून फेऱ्या मारत होता आणि वाळू दबत होती. त्याला लांब चादर टाकून बसवला. पाचवा संच चांगला आला. आकाशगंगेच्या मधोमध काळ्या भेगा असतात हे मला आजपर्यंत माहीतच नव्हतं, मी ती सलग पांढरीच समजायचो. उजवीकडं खाली एक नारिंगी ठिपका आहे, कुठल्या तरी गावचा मोठा दिवा असेल, तो मी पुसलेला नाही.

मोठी प्रिंट काढून दुकानात लावली, तिथूनच नवीन भानगड सुरू झाली. परवा वैशाखातल्या एका लग्नाचं गिऱ्हाईक आलं. प्रिंट बघून मुलगी म्हणाली, प्री-वेडिंग असलंच पाहिजे, आम्ही दोघं खाली आणि वर हे. तेरा सेकंद दोघांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं, तेही पहाटे तीनला, मी सगळं समजावून सांगितलं. मास्तर, माणसांवर फ्लॅश अगदी बारीक करून एकदाच मारला तर चालेल का? चुना भिंतीला मारल्यासारखे तोंड पांढरे नाही ना येणार? लवकर सांगा, ॲडव्हान्स घेऊन बसलोय. मुलगी म्हणते मी थांबीन हो तेरा सेकंद, ह्यांचं काही सांगता येत नाही.